तुम्ही विचारलंत म्हणून : नॅट किंग कोलने पियानो का सोडला?

नॅट किंग कोलचं नाव निघालं की एक प्रश्न हमखास येतो. इतका मोठा जॅझ पियानोवादक, मग सगळं सोडून गोड गोड प्रेमगीतं का गात बसला? पैशासाठीच ना? विचारणाऱ्याने बहुतेक वेळा ‘मोना लिसा’ किंवा ‘अनफर्गेटेबल’ आधी ऐकलेलं असतं, आणि 1940च्या दशकातलं त्याचं वादन नंतर कानावर पडून तो थक्क झालेला असतो. थक्क होणं रास्तच आहे. पण ‘सोडून’ हा शब्द मला पटत नाही, आणि ‘पैशासाठी’ हे उत्तर अर्धंच आहे. खरं कारण पियानोवर बोटं कशी पडतात आणि वाद्यवृंद कसा चालतो, यात सापडतं. म्हणून जरा तपशिलात जावं लागेल.

नॅथॅनियल ॲडम्स कोल्स (हे त्याचं मूळ नाव) 17 मार्च 1919 रोजी अलाबामातल्या माँटगोमेरीत जन्मला. तो चार वर्षांचा असताना कुटुंब शिकागोला आलं. वडील बाप्टिस्ट धर्मोपदेशक, आई चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची. पहिले धडे आईचेच, आणि पाश्चात्त्य अभिजात संगीताचं रीतसर शिक्षण बाराव्या वर्षापासून. पण त्याचा खरा गुरू म्हणजे जॅझ पियानोवादक अर्ल हाइन्स. हाइन्स ज्या क्लबात वाजवायचा, त्याच्या बाहेर उभं राहून या पोराने कान तयार केले. हाइन्सचा उजवा हात ट्रम्पेटसारखा चालायचा. एकेरी, ठसठशीत स्वरांच्या ओळी, आणि ओळींच्या मध्ये श्वास. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. (1920च्या दशकात त्याच शिकागोत हाइन्सच्या बरोबरीने गाजलेला टेडी वेदरफर्ड पुढे मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवत असे, 1945 मध्ये तो कलकत्त्यात वारला. म्हणजे या घराण्याचा एक धागा आपल्या दारापर्यंत आलेला आहे.)

1937 मध्ये एका संगीतनाटकाच्या दौऱ्यावर कोल कॅलिफोर्नियात पोचला, दौरा लाँग बीचला बंद पडला आणि तो तिथेच राहिला. लॉस एंजलिसच्या स्वॉनी इन या क्लबसाठी त्याने त्रिकूट जमवलं : पियानोवर स्वतः, गिटारवर ऑस्कर मूर आणि बेसवर वेस्ली प्रिन्स. 1942 मध्ये प्रिन्सच्या जागी जॉनी मिलर आला. ड्रम नाहीत. त्या काळात पंधरा-सोळा माणसांचे बँड चलनात असताना हे धाडसच होतं.

ड्रम नसले की अडचणी दोन. पहिली लयीची. प्रत्येक आवर्तनात चार मात्रा कोणीतरी ठोकत राहायला हवं, आणि ते काम बेस आणि गिटारने वाटून घेतलं. दुसरी अडचण अधिक बिकट. पियानो आणि गिटार दोन्ही कॉर्डची, म्हणजे अनेक सूर एकत्र वाजवण्याची वाद्यं. दोघांनी एकाच सप्तकात, एकाच वेळी आपापले कॉर्ड वाजवले तर नुसता चिखल होतो. कोलने त्यावर काढलेला तोडगा असा की एकाने बोलावं तेव्हा दुसऱ्याने ऐकावं, आणि दोघांनी एकत्र बोलायचंच असेल तर ओळ आधी ठरवून, घोटून, एका सुरात बोलावं. त्या रेकॉर्डींमध्ये गाण्याच्या सुरुवातीला आणि शेवटी ऐकू येणाऱ्या चपळ जोडओळी अशा घोटलेल्या आहेत. मिनिटाला 78 फेरे फिरणाऱ्या तबकडीवर एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मिळायची, त्यामुळे एकही सूर भरतीचा नाही. पियानोवादक आर्ट टेटमने 1943 मध्ये याच तीन वाद्यांचं त्रिकूट केलं, आणि पुढे अहमद जमाल आणि ऑस्कर पीटरसन यांनीही.

आता डावा हात. बेसवाला मूळ स्वर देतोच आहे, तर पियानोने तो पुन्हा का द्यावा? या शैलीच्या डाव्या हाताची गुरुकिल्ली म्हणजे कॉर्डमधला तिसरा आणि सातवा स्वर. सी पट्टीतला कॉर्डचा नेहमीचा क्रम घ्या : डी मायनर सेव्हन, जी सेव्हन, सी मेजर सेव्हन. डावा हात फक्त एफ-सी वाजवेल, मग एफ-बी, मग ई-बी. पाहा, दर वेळी एकच बोट हलतं, तेही एकाच घराने. एवढ्यावर सगळी स्वरसंगती उभी राहते, आणि वर उजव्या हाताला आणि गळ्याला मोकळं मैदान मिळतं.

उजवा हात भरीव करायचा असेल तेव्हा कोल दोन्ही हात कुलूप लावल्यासारखे एकत्र चालवायचा. मिल्ट बकनरने रूढ केलेली ही पद्धत. सुरावटीत वरचा सी आला की उजव्या हातात खालून वर ई, जी, ए, सी. डाव्या हातात तोच सी एक सप्तक खाली. पुढचा सूर डी आला की उजव्यात एफ, ए फ्लॅट, बी, डी. डाव्यात खालचा डी. म्हणजे मुक्कामाच्या सुरांवर स्थिर कॉर्ड आणि वाटेतल्या सुरांवर डिमिनिश्ड, म्हणजे अस्थिर कॉर्ड. शिकणाऱ्यांची चूक इथे ठरलेली असते : पाचही सूर सारख्याच जोराने दाबतात, त्यामुळे सुरावट आत बुडते. करंगळीवर वजन ठेवून मधली बोटं हलकी सोडली तरच वरचा सूर गातो.

आणि हे सगळं करता करता तो गायचा. खांदे श्रोत्यांकडे वळवलेले, नजर पट्ट्यांवर नाही. आपल्याकडे गाणारा स्वतः पेटी धरतो तेव्हा पेटी गळ्याच्या मागोमाग, तेच सूर उचलत चालते. कोलचा पियानो तसा चालत नाही. गळा बोलत असताना उजवा हात जवळजवळ गप्प असतो, गळा थांबला की त्या फटीत दोन-चार स्वर टाकून बाजूला होतो. हे जमवायला बसणाऱ्यांच्या तीन चुका होतात. उजवा हात नकळत गाण्याची चाल वाजवू लागतो. शब्दावर जोर आला की डावा हातही तिथेच आपटतो. आणि सर्वांत वाईट म्हणजे फट भरताना लय धावते, कारण बोटांना शब्दांची घाई लागलेली असते. यावर उपाय जुनाच : गाणं मिनिटाला 120 मात्रांचं असेल तर मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) 60वर लावायचा आणि त्याचा ठोका दुसरी आणि चौथी मात्रा समजायचा. आधी नुसता डावा हात आणि गाणं, उजवा हात मांडीवर. बत्तीस आवर्तनांचं गाणं लय न हलता तीनदा निघालं की मगच फटी भरायला घ्यायच्या.

तो गायला कसा लागला, याची एक दंतकथा सगळीकडे सांगितली जाते : एका झिंगलेल्या गिऱ्हाइकाने ‘स्वीट लोरेन’ या गाण्याचा हट्ट धरला, वगैरे. ती सोडून द्या. नुसत्या वादनाचा तोच-तोपणा मोडावा म्हणून मध्येमध्ये गाऊ लागलो, असं तो स्वतः सांगायचा, आणि लोक गाणीच मागू लागले. 1943 मध्ये कॅपिटल या रेकॉर्ड कंपनीशी करार झाला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस वडिलांच्या प्रवचनातल्या गोष्टीवर बेतलेलं ‘स्ट्रेटन अप अँड फ्लाय राइट’ ध्वनिमुद्रित झालं. गाणं तुफान चाललं. हक्क मात्र त्याने आधीच 50 डॉलरला विकले होते. बिलबोर्ड या संगीतविषयक साप्ताहिकाने मार्च 1945 मध्ये अल्बमांची यादी पहिल्यांदा छापली, तेव्हा पहिल्या क्रमांकावर हेच त्रिकूट होतं. म्हणजे लोकप्रियता पियानोसकट आली होती. गाणं आणि वादन यांत भांडण अजून नव्हतं.

भांडण व्हायोलिनांनी लावलं. 1946 मध्ये ‘द ख्रिसमस साँग’ त्याने जूनमध्ये त्रिकुटासह गायलं आणि ऑगस्टमध्ये छोट्या तंतुवाद्यवृंदासह पुन्हा गायलं. बाजारात दुसरं आलं आणि गाजलं. 1948 मध्ये ‘नेचर बॉय’ आठ आठवडे पहिल्या क्रमांकावर, 1950 मध्ये ‘मोना लिसा’ही आठ आठवडे. तंतुवाद्यांचा ताफा आला की प्रत्येक व्हायोलिनचा सूर कागदावर लिहिलेला असतो. कॉर्डमध्ये कोणता सूर कुठे, हे संयोजकाने ठरवून टाकलेलं असतं. तिथे पियानोवाल्याने ऐन वेळी कॉर्डच्या मूळ स्वरापासून नववा किंवा तेरावा सूर घातला तर तो व्हिओला या तंतुवाद्याच्या लिहिलेल्या सुराला भिडतो. मग त्याने वाजवायचं तरी काय? लिहिलेले कॉर्ड मुकाट्याने. जो माणूस सगळी स्वरसंगती जागच्या जागी घडवत होता, त्याला हे काम देण्यात अर्थ नव्हता. त्याने उभं राहून गावं, हेच संगीताच्या दृष्टीनेही बरोबर होतं. 1951च्या सुमारास त्रिकुटाचं नाव मागे पडलं.

पैसा होताच. त्याच वर्षी प्राप्तिकराचं मोठं थकलेलं देणं अंगावर आलं होतं. पण ‘पैशासाठी विकला गेला’ म्हणणाऱ्यांनी तो कोणत्या देशात उभा राहून गात होता, हेही पाहावं. 1948 मध्ये लॉस एंजलिसच्या हँकॉक पार्कमध्ये त्याने घर घेतलं, तर गोऱ्या शेजाऱ्यांनी संघटित विरोध केला. 10 एप्रिल 1956 रोजी अलाबामातल्या बर्मिंगहॅममध्ये भर कार्यक्रमात काही गोरे मंचावर धावून आले. तो खाली पडला, पाठीला मार बसला. अमेरिकेच्या दक्षिणेत तो पुन्हा कधी गायला नाही. त्याच वर्षी 5 नोव्हेंबरला एनबीसी या दूरचित्रवाणी वाहिनीवर त्याचा स्वतःचा कार्यक्रम सुरू झाला आणि वर्षभरात, 17 डिसेंबर 1957ला, संपला. देशभरासाठी एकही प्रायोजक पुढे आला नाही. कृष्णवर्णीय पुरुषाने घराघरातल्या पडद्यावर, वाद्यवृंदापुढे, चांगल्या सुटात उभं राहून प्रेमाचं गाणं गाणं, हीच तेव्हा मोठी गोष्ट होती. त्याला निव्वळ तडजोड म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

नुकसान मात्र झालं, ते नाकारत नाही. त्या त्रिकुटासारखं काही त्याने नंतर सलग दहा वर्षं वाजवलं असतं तर काय ऐकायला मिळालं असतं, या विचाराने आजही हळहळ वाटते. दिवसाला तीनेक पाकिटं सिगारेटी ओढणारा हा माणूस 15 फेब्रुवारी 1965 रोजी फुफ्फुसाच्या कर्करोगाने गेला. वय अवघं 45. धुरानेच आवाजाला खोली येते, अशी त्याची समजूत होती.

पियानो सुटला नव्हता, हे स्वतः ऐकून ठरवायचं असेल तर ‘स्वीट लोरेन’ दोनदा ऐका. एक 1940चं, डेक्का या रेकॉर्ड कंपनीसाठी त्रिकुटासह केलेलं. दुसरं 1956 मध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या ‘आफ्टर मिडनाइट’ या अल्बममधलं. त्यात लहानसा ताफा, ड्रमवर ली यंग आणि पाहुणा ट्रम्पेटवाला हॅरी एडिसन. पहिल्यात आवाज कोवळा आहे, बोटं अधिक बोलतात. दुसऱ्यात आवाज दाणेदार, आणि तो शब्द मात्रेवर न टाकता किंचित मागे टाकतो, ओळ लवकर संपवतो, मग थांबतो. ही हाइन्सकडून आलेली उजव्या हाताची सवय, आता गळ्यात उतरलेली. दोन्ही वेळा शब्द संपल्यावर उरलेल्या जागेत पियानो काय म्हणतो तेवढंच ऐका. शब्दांकडे तिसऱ्या वेळी लक्ष द्या.