‘नको’ म्हटल्यानंतरचं एक मिनिट

मंगळवार, रात्र

स्वमग्न मुलांच्या न खाण्याचा विचार करताना मन पुन्हा पुन्हा एकाच रकान्यापाशी थांबतं. मुलाच्या जेवणाच्या सात दिवसांच्या नोंदवहीत काय खाल्लं, कुठल्या ताटलीत, किती वेळात, हे घरचे मनापासून लिहितात. ‘नको म्हटल्यावर लगेच काय झालं’ हा रकाना मात्र कोरा राहतो. ताट उचललं? बिस्किट मिळालं? विनवण्या झाल्या? नकारामुळे नावडता घास टळत असेल तर उद्याचा नकार आणखी पक्का होतो. उपचाराची दिशा इथे कळते.

अर्थात आधी डॉक्टर. बद्धकोष्ठ, छातीत जळजळ, किडलेला दात किंवा गिळताना त्रास असताना घास शिकवायला बसणं हा त्या मुलावर अन्याय आहे. फळं-भाज्या पूर्ण बंद असलेलं मूल लंगडू लागलं, हिरड्यांतून रक्त आलं, तर स्कर्व्हीची, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या कमतरतेच्या आजाराची, शंका घ्यायलाच हवी.

समजा, पांढरा भात चालतो, वरण नाही. तो भात तसाच राहू द्यायचा. त्यात गुपचूप वरण कालवलं आणि मुलाला कळलं, तर विश्वासाचा एकुलता एक पदार्थही हातचा जातो. वेगळ्या वाटीत वरण लावलेली पाच शितं, एकेक शीत म्हणजे एकेक घास. बैठक पाच ते दहा मिनिटांची, दोन जेवणांच्या मध्ये, पोट थोडं रिकामं असताना. आधी शीत ओठाला, मग जिभेवर, मग गिळणं. सुरुवातीला रुमालात थुंकायची मुभा हवी. जमलं की दोन-तीन सेकंदांत बक्षीस, आणि तेही एरवी न मिळणारं. दिवसभर फोन हातात असेल तर फोनचं बक्षीस कुचकामी. सलग तीन बैठकांत पाचांपैकी चार घास शांतपणे गेले की घास वाटाण्याएवढा, मग पाव चमचा, मग अर्धा. दोन बैठका फसल्या की एक पायरी मागे.

गाडी घसरते ती बहुधा चांगल्या दिवशी. शीत गिळलं, घर हरखलं, पाठोपाठ भरलेला चमचा पुढे आला. मूल त्यातून एवढंच शिकतं की ‘हो’ म्हटलं की घास वाढतो. दुसऱ्या दिवशी शीतही बंद. शिवाय घास तोंडात गेला म्हणजे पोटात गेला असं नाही. अर्ध्या मिनिटाने तोंड बघायचं. गालात साठवलेल्या घासावर दुसरा भरवला तर ठसका लागू शकतो.

घास घेईपर्यंत चमचा ओठांपाशीच धरून ठेवायची पद्धतही आहे. ती गुणकारी ठरल्याचे अभ्यास आहेत, तरी ती घरी करू नये असं माझं ठाम मत आहे. रडणं कमी होण्याआधी वाढू शकतं, आणि नेमकं तेव्हा माघार घेतली की मूल जास्त वेळ रडायला शिकतं. प्रशिक्षित माणसं आणि वैद्यकीय देखरेख असेल तरच तिचा विचार करावा. जबरदस्तीने तोंड उघडणं हा उपचार कुठेच नाही.

चौदा-पंधरा वर्षांच्या मुलामुलींनी तर पदार्थ, घासाचं माप आणि बक्षीस स्वतः ठरवावं, नोंदवहीतल्या खुणाही स्वतःच कराव्यात. बोलत नसतील तर चित्रं दाखवून निवडू द्यावं.

आणि आईच्या हातून अर्धा चमचा जमला तरी काम अपुरंच असतं. तोच अर्धा चमचा आजीच्या हातून, स्टीलच्या ताटात, मग शाळेच्या डब्यात. प्रत्येक ठिकाणी पुन्हा वाटाण्याएवढ्या घासापासून.