एफएमजीई पास झाले, तरी एका पत्रापायी इंटर्नशिप अडकली : माझा अनुभव

ज्यांच्या घरातलं कोणी किर्गिझस्तान, रशिया, कझाकस्तान, कुठेही मेडिकलला आहे त्यांनी हे वाचाच, कारण मला हे कोणीच सांगितलं नव्हतं. सगळे नुसते एफएमजीई, एफएमजीई करत बसतात, म्हणजे बाहेरून मेडिकल करून आलेल्यांना इथे द्यावी लागते ती परीक्षा. परीक्षा अवघड आहे, मी नाही म्हणत नाही. 300 प्रश्न, दीडशे-दीडशेचे दोन भाग, प्रत्येकाला अडीच तास, आणि पास व्हायला 150 मार्क लागतात. निगेटिव्ह मार्किंग नाही तरी बहुतेक वेळा पाचात एखादाच निघतो. पण परीक्षा आपल्या हातात असते हो, बसून अभ्यास केला तर निघते. मला अडकवलं ते एका पत्राने. कोरोनात ऑनलाइन झालेलं शिक्षण नंतर प्रत्यक्ष भरून काढलं, एवढं सांगणारं एका पानाचं पत्र, तिकडच्या युनिव्हर्सिटीच्या ऑफिसातून यायचं होतं. त्याच्यापायी महिनेच्या महिने गेले आणि आजही आठवलं की डोकं तापतं.

मी अमळनेर तालुक्यातली. आप्पांची कपाशीची शेती. 2018 ला नीट क्वालिफाय झाले पण सरकारी सीट लागेल एवढे मार्क नव्हते आणि प्रायव्हेटची फी ऐकूनच आप्पा गप्प झाले होते, म्हणून मग किर्गिझस्तान. (नीट क्वालिफाय असल्याशिवाय बाहेर जाऊच नका. गेलात, डिग्री घेतलीत, तरी इथे एफएमजीईला बसू देणार नाहीत. आमच्याकडे अजूनही काही एजंट 'नीटचं नंतर बघू' म्हणून सांगतात, त्यांना दारात उभं करू नका.)

दोन वर्षं चांगली गेली आणि कोरोना आला. सरकारच्या 'वंदे भारत' मोहिमेच्या विमानाने परत आले आणि पुढचे कितीतरी महिने गावातून ऑनलाइन क्लास. घरात रेंज नाही म्हणून मळ्यात मोबाईल घेऊन बसायचे. नंतर परत गेले, आणि युनिव्हर्सिटीने ऑनलाइन झालेलं सगळं प्रॅक्टिकल, क्लिनिकल परत प्रत्यक्ष घेतलं, उन्हाळ्याच्या सुट्टीत सुद्धा. आम्ही घरी न येता तिथेच वॉर्डात उभे राहिलो. हे मुद्दाम सांगतेय कारण पुढचं सगळं रामायण ह्याच्यावरूनच झालं.

डिग्री घेतली, अपोस्टिल केलं (म्हणजे कागद खरे असल्याचा तिकडचा सरकारी शिक्का), परत आले, अभ्यास केला, परीक्षा पास. रिझल्टच्या दिवशी आईने अख्ख्या गल्लीत पेढे वाटले. पास सर्टिफिकेट घ्यायला दिल्लीला द्वारकाला जावं लागतं, सगळे मूळ कागद दाखवून, ओळख पटवून. भुसावळहून कर्नाटक एक्सप्रेसने गेले, सर्टिफिकेट घेतलं, काही त्रास नाही.

मग मुंबई. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलमध्ये आधी प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरतं, रजिस्ट्रेशन करायचं असतं, त्याच्यावर 12 महिन्यांची इंटर्नशिप, आणि ती झाली की कायमचं रजिस्ट्रेशन. ते हातात आलं की तुम्ही डॉक्टर, त्याच्या आधी नाही, तुम्ही बाहेर काहीही शिकून आला असाल. कौन्सिलचं ऑफिस चिंचपोकळीला साने गुरुजी मार्गावर आहे. अमळनेरच्या माणसाला तो बोर्ड बघून बरं वाटतंच, गुरुजी आमच्या प्रताप हायस्कूलला शिकवायचे. आप्पा सोबत होते, त्यांनी बोर्डाला हातच जोडले.

तिथे माझी फाईल बघितली, आणि विचारलं की ऑनलाइन काळाचं काय?

आता हा नियम नीट समजून घ्या. 2024 च्या जून महिन्यात राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाच्या, म्हणजे एनएमसीच्या, ह्याच्यावर लागोपाठ नोटिसा आल्या. आधी असं आलं की ज्यांनी कोर्समध्ये ऑनलाइन क्लास केले त्यांना वाढीव इंटर्नशिप करावी लागणार. मग त्याच महिन्यात खुलासा आला की ज्यांनी ऑनलाइनच्या बदल्यात प्रत्यक्ष कॉलेजात बसून तेवढे क्लास भरून काढले आणि त्याच्यानंतर फायनल पास केली, त्यांना एकच वर्ष. नियम बरोबरच आहे, पेशंटला हात न लावता डॉक्टर कसं व्हायचं? पण काही युनिव्हर्सिट्या नुसतेच 'भरून काढलं' असे कागद वाटायला लागल्या होत्या, म्हणून एका ओळीचं पत्र कोणी धरत नाही. आणि माझ्याकडे नेमकं एका ओळीचंच पत्र होतं, युनिव्हर्सिटीने सगळ्या बॅचला एकाच छापाचं दिलेलं. त्यात ना तारखा, ना तास, ना विषय.

कौन्सिलमधल्या बाईंनी शांतपणे सांगितलं, बेटा, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत काय घेतलं ते लिहून आण आणि आम्ही ईमेल पाठवला की युनिव्हर्सिटीने त्याला उत्तर द्यायला हवं. इतकंच. मला वाटलं आठवड्याचं काम आहे.

युनिव्हर्सिटीला मेल केला, उत्तर नाही. परत केला, नाही. फोन लावला तर तिकडचं घड्याळ आपल्या अर्धा तास पुढे, ऑफिस उघडलं की लगेच लावायचा, कोणी उचलायचं, रशियनमध्ये 'थांबा' म्हणायचं आणि ठेवून द्यायचं. मला रशियन येतं, पेशंटशी बोलायला शिकलोच होतो आम्ही, म्हणून मी बोलायला लागले की मग म्हणायचे मॅडम सुट्टीवर आहेत, सोमवारी करा. सोमवारी केला की मॅडम मीटिंगला. मे महिना लागला तर 1 मे, 5 मे, 9 मे तिकडे सुट्ट्या. जुलै-ऑगस्टमध्ये ऑफिसात चिटपाखरू नाही. सहा वर्षं फी घेताना ह्याच ऑफिसने एक दिवस उशीर झाला तर हॉस्टेलच्या दारावर नाव लावलं होतं. आणि आता त्यांचीच विद्यार्थिनी, त्यांच्याच वॉर्डात उभी राहिलेली, एक पान मागतेय तर ते लिहायला हात उचलेना.

एकदा पत्र आलं. मी आनंदाने उघडलं तर तेच जुनं पत्र, फक्त तारीख नवीन. दुसऱ्यांदा आलं त्यात तारखा होत्या पण सही नाही. मग ज्या एजंटने पाठवलं होतं त्याला फोन केला. तो म्हणाला, होऊन जाईल, आमचा माणूस आहे तिकडे, पण खर्च येतो, आणि जी रक्कम सांगितली ती ऐकून मी फोन ठेवला. आमच्या बॅचच्या काही मुलांनी दिले पैसे. मी नाही दिले आणि ह्याचा मला अभिमान आहे. जे मी खरंच केलंय त्याचा कागद मी विकत का घ्यायचा?

ह्या सगळ्या काळात घरी बसणं काय असतं ते सांगते. गावात कोणी भेटलं की पहिला प्रश्न, 'काय वं पोरी, दवाखाना कव्हय टाकशी?' आप्पांना पारावर विचारायचे. कर्ज तर चालूच. वर तालुक्याच्या एका खाजगी हॉस्पिटलमधून निरोप आला की रजिस्ट्रेशन येईल तेव्हा येईल, तोवर रात्रीची ड्युटी करा, पगार देतो. गल्लीतले म्हणायचे ताई एक सलाईन लावून दे ना. मी एकालाही हात लावला नाही. कायदा स्पष्ट आहे, रजिस्ट्रेशन नसताना प्रॅक्टिस केली तर एनएमसी कायद्याच्या कलम 34 प्रमाणे एक वर्षापर्यंत कैद किंवा 5 लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि कायदा बाजूला ठेवा, एवढं शिकून शेवटी झोलाछाप म्हणून पकडलं जायचं? कोणी कितीही पगार दिला तरी हे करू नका.

शेवटी सुटलं कसं ते ऐका. नाशिककडची एक ज्युनिअर मुलगी तेव्हा तिथेच फायनलला होती. तिला मी माझ्या सहीचं अधिकारपत्र पाठवलं, नोटरी करून, रशियन भाषांतरासकट. सोबत पत्राचा मजकूर मीच तयार करून दिला, रशियन आणि इंग्लिश दोन्हीत. विषय, तारखा, तास, कोणत्या हॉस्पिटलात, सगळं तक्त्यात, माझ्या लॉगबुकवरून (रोज काय काम केलं त्याची वही) आणि पासपोर्टच्या शिक्क्यांवरून जुळवून. त्यांनी फक्त तपासून लेटरहेडवर छापायचं आणि सही-शिक्का करायचा. ती पोरगी रोज क्लास सुटला की त्या ऑफिसच्या बाहेर जाऊन बसायची. ओरडली नाही, भांडली नाही, नुसती समोर बसायची. शेवटी त्या मॅडमनीच तिला आत बोलावलं, रजिस्टर काढलं, तक्ता तपासला आणि सही केली. आणि तिने तिथेच उभं राहून कौन्सिलच्या मेलला उत्तर पाठवून घेतलं, पाठवल्याचा फोटो मला पाठवला. मी मळ्यात होते, तिथेच खाली बसले आणि रडले. त्या पोरीचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

त्याच्यानंतर प्रोव्हिजनल यायला काहीच वेळ लागला नाही.

तर जे अजून तिकडे आहात त्यांनी विमानात बसायच्या आधी हे करा. ट्रान्सक्रिप्ट नुसतं मार्कांचं घेऊ नका, तासांचं आणि तारखांचं घ्या. मेल पाठवला तर उत्तर कोण देणार त्या माणसाचं नाव, हुद्दा आणि ऑफिसचा मेल लिहून घ्या, खाजगी जीमेल चालत नाही. पासपोर्टच्या प्रत्येक शिक्क्याच्या पानाची झेरॉक्स काढा, जुना पासपोर्ट संपला तरी फेकू नका, कारण तुम्ही म्हणताय त्या तारखेला तुम्ही त्या देशात होता की नाही हे त्याच्यावरूनच बघतात. माझ्याकडे बोर्डिंग पास सुद्धा होते, आई हसायची की हे कशाला जपते, तेच कामाला आले.

आणि अधिकारपत्र तिथे असतानाच एखाद्या विश्वासू ज्युनिअरच्या नावाने करून ठेवा. परत आल्यावर ते करायला दुप्पट धावपळ होते.

माझा चुलतभाऊ आता जायचं म्हणतोय, त्याचे नियम वेगळे. 18 नोव्हेंबर 2021 नंतर ज्यांनी प्रवेश घेतला त्यांना कोर्स किमान 54 महिन्यांचा हवा, शिकवणं इंग्लिशमध्ये हवं, त्याच युनिव्हर्सिटीत वेगळी 12 महिन्यांची इंटर्नशिप हवी, आणि वर भारतात आणखी 12 महिने. शिवाय त्या डिग्रीवर त्या देशात तिथल्या लोकांसारखं प्रॅक्टिसचं लायसन मिळायला हवं, आणि सगळं 10 वर्षांत पूर्ण. नाना म्हणाले एजंटने ब्रोशर दिलंय, त्यात सगळं आहे. मी सांगितलं, ब्रोशर राहू द्या, हे मुद्दे युनिव्हर्सिटीच्या लेटरहेडवर लिहून आणा, मगच पैसे भरा. एजंट तेव्हापासून फिरकला नाही.

इंटर्नशिप धुळ्याला झाली. बाहेरून शिकून आलेल्यांना कॉलेजच्या मंजूर सीटच्या साडेसात टक्केच जागा असतात, त्यामुळे यादी लागली की लगेच हजर व्हा, घराजवळचं मिळेल म्हणून थांबू नका. स्टायपेंड इथल्या मुलांइतकाच द्यावा असं एनएमसीचं म्हणणं आहे, आणि आपल्याकडून इंटर्नशिपसाठी फी घेता येत नाही, हे माहिती असू द्या आणि नम्रपणे विचारा. कम्युनिटी मेडिसिनचे 12 आठवडे कंटाळवाणे असतात असं सगळे म्हणतात, मला तेच सगळ्यात जास्त आवडले. शिरपूरच्या वरच्या बाजूला सातपुड्यातल्या पाड्यांवर सिकलसेलची (रक्ताचा आनुवंशिक आजार) तपासणी करताना जे शिकले ते वाचून कळलं नसतं. पावसाळ्यात कॅज्युअल्टीत साप चावलेले यायचे, तेव्हा पहिल्यांदा वाटलं की हो, आपल्याला येतंय.

लॉगबुकवर सही त्याच आठवड्यात घ्या. पोस्टिंग बदललं, सर बदलून गेले, की मग सहीसाठी परत कोणाच्या तरी दाराबाहेर बसा, आणि त्याचा मला आता तिटकारा आलाय.

कायमचं रजिस्ट्रेशन आलं. नंबर आला त्या दिवशी आप्पांनी तो कापूस विक्रीच्या पावत्या ठेवतात त्या वहीत लिहून ठेवला. पारावरचे आता विचारतात फी किती घेशी, ते चालतं. अजून एक राहिलंच, महाराष्ट्रात दर 5 वर्षांनी नूतनीकरण असतं आणि त्याला 30 क्रेडिट पॉइंट लागतात, कार्यशाळा-सेमिनारला गेलात की मिळतात. त्याची सर्टिफिकेटं पहिल्या दिवसापासून फाईलला लावत जा. कोणाला त्या पत्राचा तक्ता कसा करायचा ते हवं असेल तर विचारा, माझ्याकडे रशियन आणि इंग्लिश दोन्ही आहेत, देईन, आणि एक रुपया घेणार नाही.