ओम्नी अधिक छोटा हाथी : घरच्या हॉट रॉडची चौथी नोंद

भंगारातली मारुती ओम्नी कापून, तिला छोट्या हाथीचा (टाटा एस) पुढचा ॲक्सल लावून घरीच हॉट रॉड बनवतोय. आजची स्थिती अशी. चेसिस पूर्ण वेल्ड होऊन चार चाकांवर उभी आहे. इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचं हौसिंग (मागचा ॲक्सल) जागेवर बसलं, स्टिअरिंग जोडून झालं. ब्रेकचे पाइप, वायरिंग, गिअरच्या दांड्या आणि बॉडी बाकी. तूर निघाली तेव्हा ओम्नी कापायला घेतली होती, आता आंब्याला कैऱ्या लागल्या. इंजिन कोठ्यात (गोठ्यात) तीनदा चालवून पाहिलंय, गाडी स्वतःच्या जोरावर अजून दाराबाहेर आलेली नाही.

हॉट रॉड म्हणजे काय, ते नव्यानं वाचणाऱ्यांसाठी दोन ओळींत. कॅलिफोर्नियातली पोरं १९३०-४० च्या दशकात फोर्डच्या जुन्या मॉडेल टी आणि मॉडेल ए गाड्यांचे मडगार्ड, बोनेट, टप उतरवून मुरॉक, एल मिराज अशा कोरड्या तळ्यांवर पळवायची. ज्यानं शंकरपटाची (बैलांच्या शर्यतीची) छकडी पाहिली त्याला याहून जास्त समजवावं लागत नाही. पळायला लागतं तेवढं ठेवायचं, बाकी उतरवायचं. ओम्नीचं ७९६ सीसीचं इंजिन पस्तीस-सदतीस एचपीचं. अख्ख्या ओम्नीत ते जेमतेम वाटतं, पण पत्रा, काचा, दारं आणि सीटा गेल्यावर तेच इंजिन अंगात आल्यासारखं ओढतं.

कायद्याचं आधीच सांगून टाकतो, कारण दर वेळी तोच प्रश्न येतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे असा बदल चालत नाही आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला एकेका बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. त्यामुळे ही गाडी वावरातच फिरणार. पांदण (शेतांमधली वाट) हीसुद्धा कायद्यानं सार्वजनिक जागाच, हे बरेच जण विसरतात. भंगारातली गाडी घेताना आरसी रद्द झाल्याचा कागद हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका.

ओम्नीच का? इंजिन उभं, म्हणजे लांबीत बसलेलं आणि जोर मागच्या चाकांना. आपल्याकडे स्वस्तात मिळणाऱ्या गाड्यांत अशा फार नाहीत. कार्ब्युरेटरवालीच शोधा. मेकॅनिकल पेट्रोल पंप, चार-सहा वायरी, सेन्सरची भानगड नाही. मात्र पेट्रोलच्या सगळ्या रबरी नळ्या आणि पंपाचा डायफ्राम बदला. आताच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये जुनं रबर फुगतं, मऊ पडतं आणि त्याचे कण कार्ब्युरेटरच्या बारीक भोकात, जेटमध्ये, अडकतात.

सगळ्यात महत्त्वाचं काम ओम्नी कापण्यापूर्वीचं आहे: फर्मा. ४० बाय ४० चा अँगल घेऊन इंजिन माउंटिंग, गिअरबॉक्सचं मागचं माउंटिंग आणि मागच्या पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) चारही डोळे, म्हणजे टोकाच्या कड्या, एकमेकांशी वेल्डच्या छोट्या टाक्यांनी बांधून घ्या. म्हणजे ओम्नीच्या पोटातलं अंतर आणि कोन जसेच्या तसे लोखंडात उतरतात. मग खुशाल कटर चालवा. पाट्यांचे ब्रॅकेट भोवतीच्या दोन इंच पत्र्यासकट कापा. फर्म्यामुळे गिअरबॉक्सचा जोर मागे नेणारा प्रोपेलर शाफ्ट कापावा लागत नाही. शाफ्ट आखूड केला की तो लेथवर सरळ करा, बॅलन्स करा, आणि त्यात जरा चुकलं तरी वेगात गाडी थरथरणार. इंजिन मागच्या चाकांच्या हिशोबानं जिथल्या तिथे राहू द्यायचं आणि फक्त पुढची चाकं ६०० मिमी पुढे न्यायची. ओम्नीचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) १८४० मिमी, आपला झाला २४४०. लांब नाक आपोआप मिळालं.

चेसिसला ८० बाय ४० ची ३ मिमी बॉक्स पाइप, वीस फुटी दोन नग. मीटरला साधारण सव्वापाच किलो. एका नगातून तीन-तीन मीटरच्या दोन सलग रेल (लांबीतले मुख्य पाइप), दुसऱ्यातून ७०० मिमीचे चार आडवे आणि हौसिंगवरून उचलून घेतलेला मागचा भाग. जिथे रेल उचलली त्या जोडावर दोन्ही बाजूंनी ५ मिमीची, पत्त्यातल्या चौकटच्या आकाराची तिरपी पट्टी. नुसत्या सरळ रेघेत वेल्ड केली तर चीर नेमकी तिथूनच सुरू होते.

शेणानं सारवलेली जमीन सपाट नसते, म्हणून विटांचे सहा खांब आणि त्यांवर गवंड्याची पाण्याची ट्यूब लावून लेव्हल. ॲक्सलचे बिंदू ओळंब्यानं खाली उतरवून खडूनं मारले. दोन्ही कर्णांत २ मिमीपेक्षा जास्त फरक चालत नाही. इथे घरातल्यांचा खरा उपयोग आहे: टेप धरायला एक, गुण्या धरायला एक, आकडा लिहायला तिसरा. मोजणाऱ्यानंच आकडा लिहिला तर तो मनातला आकडा लिहितो.

सगळं आधी टाक्यांवर उभं करा, इंजिन टांगा, चाकं लावा, सीटवर बसून पाय पोचतात का बघा, मग पक्कं वेल्डिंग. सलग शिवण ओढू नका. समोरासमोरचे कोपरे बदलत अडीच-तीन इंचांचे तुकडे. आमची उजवी रेल एका बाजूनं सलग ओढल्यामुळे ५ मिमी कमानली. शिवण कापून, उलट बाजूनं गरम करून सरळ करण्यात दोन दिवस गेले.

रॉड ३.१५ मिमी, ११० अँपिअरच्या आसपास. गावात दिवसा मोटरी सुरू असल्या की व्होल्टेज पडतं आणि लोक मशीनला शिव्या देतात. आधी वायर बघा. दीड स्क्वेअर एमएमची तीस मीटर वायर, वीस अँपिअर करंट, तर वायरीतच पंधरा व्होल्ट जातात. चारची वायर घ्या, हेच नुकसान साडेपाचवर येतं. कमी करंटवर वेल्ड वरून फुगीर, सुरेख दिसतं आणि हातोड्याच्या एका दणक्यानं निघून येतं. एक तुकडा मुद्दाम तोडून बघत जा. आणि कोठ्यात कुटार (जनावरांचा भुसा) असेल तर आधी ते बाहेर. ठिणगी कुटारात शिरली की तासभर नुसती धुमसते, जाळ दिसतो तेव्हा सगळे जेवायला बसलेले असतात.

पुढचा ॲक्सल छोट्या हाथीचा, पाट्यांसकट. अखंड बीम, म्हणजे हॉट रॉडचा असली चेहरा. बोल्टांचं वर्तुळ जुळतं का, हे भंगारातच ओम्नीचं चाक चढवून बघा. स्टिअरिंग बॉक्स त्याच गाडीचा. पाट्याचा पक्का डोळा ज्या टोकाला, बॉक्सही त्याच बाजूला पाहिजे. उलट बसवला तर खड्ड्यात चाक वर जाताना ॲक्सल एका कमानीत फिरतो, ड्रॅग लिंक (बॉक्सकडून चाकाकडे जाणारी दांडी) दुसऱ्या, आणि स्टिअरिंग हातातून झटका मारतं.

आता झुकावाचं. तोंड खाली, बूड वर, हे रूप सगळ्यांनाच हवं असतं. आपण पुढे ८५ मिमी खाली घेतलं. २४४० वर तो बरोबर २ अंश होतो. इंजिन आणि हौसिंग दोन्ही एकत्र झुकतात, म्हणून शाफ्टच्या कोनाला काही होत नाही. पण कॅस्टर, म्हणजे चाक ज्या किंगपिनभोवती वळतं तिचा मागे झुकलेला कोन, तेवढाच कमी होतो. सपाट चेसिसवर ३ अंश होता, उरला १. अशा कॅस्टरवर गाडी सरळ राहत नाही, वळणानंतर स्टिअरिंग परत येत नाही. ५ अंश हवा, म्हणून पाटा आणि ॲक्सलमध्ये ४ अंशांची लोखंडी पाचर, १०० मिमी लांबीवर ७ मिमी जाडीचा फरक. किंगपिनचं वरचं टोक मागे झुकलं की पाचर बरोबर बसली. यू-बोल्टही तेवढे लांब लागतात. किंगपिन आणि बुश नवे टाका. ढिल्या किंगपिनची गाडी तीस-चाळीसच्या वेगात चाकं फडफडवते, आणि मग लोक टायर बदलत बसतात.

झुकावाचा दुसरा हिशोब पाण्यात निघाला. रेडिएटर तोंडाशी, म्हणजे सगळ्यात खाली. इंजिनचं पाण्याचं तोंड त्याच्यापेक्षा उंच. झाकणातून कितीही भरा, हवा इंजिनच्या माथ्यावर कोंडून राहते. खूण अशी: तापमानाचा काटा चढत असतो, मधेच खाली पडतो, मग एकदम लालला भिडतो. पाणी नसलेल्या वाफेत सेन्सर फसतो. पहिल्या दोन वेळा इंजिन याचसाठी बंद केलं. वरच्या होजमध्ये इंजिनजवळ झाकणाची नळी टाकली, ती आता सगळ्यात उंच आहे. ०.९ बारचं झाकण तिथे, रेडिएटरवर व्हॉल्व्ह नसलेलं, पक्कं बंद होणारं झाकण. तिसऱ्यांदा वीस मिनिटं चाललं, पंखा दोनदा लागला, काटा हलला नाही.

थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणारा व्हॉल्व्ह) काढून टाका, विदर्भाच्या उन्हात लागतच नाही, असं सांगणारे प्रत्येक गावात चार आहेत. काढू नका. हिवाळ्याच्या सकाळी इंजिन तापायलाच तयार होत नाही, पेट्रोल जास्त पितं, सिलिंडरचा बोअर घासतो. मे महिन्याच्या उन्हावर उपाय म्हणजे रेडिएटरचा स्वच्छ कोअर. बोअरवेलचं पाणी तर घालूच नका, नळ्यांत क्षाराचा थर बसतो. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मं-निम्मं.

हिशोब: ओम्नी २८,००० ला, तिची दारं, काचा, सीटा, पत्रा विकून ९,००० परत. ॲक्सल, पाटे, स्टिअरिंग बॉक्स ११,५००. पाइप ४,६००. पट्ट्या, रॉड, कटिंग व्हील ३,४००. किंगपिन, बुश, ब्रेकची किट ६,२००. रेडिएटरचा कोअर ३,०००. एकूण ४७,७००. ब्रेकच्या सामानात काटकसर नाही, मास्टर सिलिंडर टँडमच, म्हणजे दोन वेगळ्या सर्किटांचा.

पुढे ब्रेक. मागचं वजन इतकं उतरलंय की मागची चाकं आधी जाम होणार, आणि तसं झालं की गाडी गरकन फिरते. म्हणून त्याआधी चेसिस ट्रॉलीवरून जिनिंगच्या वजनकाट्यावर नेऊन आधी पूर्ण, मग फक्त पुढची चाकं काट्यावर ठेवून वजन करायचं. काटा १० किलोच्या टप्प्यात दाखवतो, आपल्याला तेवढं पुरतं. ते दोन आकडे आल्यावर मागचे व्हील सिलिंडर लहान घ्यायचे की मागचा दाब कमी करणारा व्हॉल्व्ह टाकायचा, ते ठरेल. तोवर मागच्या पाट्यांमधला सगळ्यात खालचा एक उतरवून ठेवलाय. मुख्य पाट्याला आणि त्याच्याखालच्याला हात लावलेला नाही.