गोरखचिंचेत दुधाच्या दुप्पट कॅल्शियम?

तुम्ही विचारलंत म्हणून. गोरखचिंचेच्या, म्हणजे आफ्रिकेतल्या बाओबाबच्या पावडरीत दुधाच्या दुप्पट कॅल्शियम आणि संत्र्याच्या कितीतरी पट ‘क’ जीवनसत्त्व असतं, हे खरं का?

आकडे खरे, तुलना लबाड. बाओबाबचं फळ झाडावरच वाळतं. फोडलं की आत खडूसारखा कोरडा गर निघतो, त्यात पाणी जेमतेम 10-12 टक्के. 100 ग्रॅम गरात साधारण 250-350 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. दुधात 120, पण दूध 87 टक्के पाणीच आहे. शिवाय गर 100 ग्रॅम कोण खातं? चमचाभर, 10 ग्रॅम घेतला तर 30 मिलिग्रॅम मिळालं; कपभर दुधातून 240. ‘क’ जीवनसत्त्वाचंही तेच. 100 ग्रॅम गरात ते बहुधा 150 ते 300 मिलिग्रॅम भरतं, झाडागणिक फरक मोठा. म्हणजे चमच्यात 15-30, एका संत्र्यात 70 च्या आसपास. गराचं खरं बळ पेक्टिन (पाण्यात विरघळणारा तंतू) आणि पोटॅशियममध्ये आहे.

कॅल्शियमच हवं असेल तर पानांकडे बघा. नायजेरियातले हौसा लोक वाळल्या पानांची पूड (कुका) आमटीत घालतात. आमटीला बुळबुळीत दाटपणा येतो तो पानातल्या चिकट द्रवाने. पानं सावलीत वाळवावीत, उन्हात कॅरोटीन (ज्यापासून शरीर ‘अ’ जीवनसत्त्व बनवतं) बरंच जातं. बियांत प्रथिनं आणि तेल चांगलं असतं, पण फायटेट (खनिजं शरीरात शोषू न देणारा घटक) आणि ट्रिप्सिनला (प्रथिनं पचवणाऱ्या रसाला) अडवणारे घटकही असतात. म्हणून पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासोत त्या शिजवून, आंबवून ‘मारी’ नावाचा मसाला करतात. बियांच्या कच्च्या तेलात सायक्लोप्रोपीन गटाची, शरीराला अपायकारक मेदाम्लं असतात, ते तेल स्वयंपाकाला नको. झाडाची साल टॅनिनने (तुरट द्रव्याने) भरलेली; तिचा काढा तापावर देतात, पण त्याची मात्रा घरी ठरवू नये.

प्रयोगशाळेचे आकडेही डोळे झाकून घेऊ नका. खनिजं मोजायला 2 ग्रॅम वाळका नमुना 550 अंश सेल्सिअसवर करडी-पांढरी राख होईपर्यंत जाळतात, ती आम्लात विरघळवून गाळतात. काळे कण उरले तर जळणं अपुरं. पानं न धुता दळली की धुळीतलं लोह पानांच्या नावावर चढतं. लोखंडी चक्कीनेही तेच होतं. तो द्राव ज्वालेत फवारून कॅल्शियम मोजताना नमुन्यातलं फॉस्फेट त्याला धरून ठेवतं; ते सोडवणारं लँथॅनम क्लोराइड हे रसायन घातलं नाही तर आकडा कमी येतो. आणि तक्त्यात आकडे ‘कोरड्या वजनावर’ (पाणी वगळून) की ‘ओल्या’ (पाण्यासकट) हे लिहिलेलं नसेल, तर त्या तक्त्याला मी तरी हात लावत नाही.

गर घ्यायचाच तर गार पाण्यात कालवून, बिया-धागे गाळून घ्या. उकळलात तर ज्या ‘क’साठी पैसे मोजले, तेच आधी जाईल.