कार्डाविना केमो पोर्ट: आईच्या सीटी स्कॅनचा अनुभव

केमोथेरपीसाठी छातीत पोर्ट, म्हणजे औषध सोडण्यासाठी त्वचेखाली ठेवलेली चकती आणि तिला जोडलेली शिरेत जाणारी नळी, बसवले असेल, तर त्याचे कार्ड, म्हणजे पोर्टचा प्रकार नोंदवलेले ओळखपत्र, रुग्णालयातून घरी निघण्यापूर्वीच मागून घ्यावे, हे मी आधी सांगते. कारण माझ्या आईचा यकृताचा काँट्रास्ट (अवयव ठळक दिसावेत म्हणून शिरेतून औषध सोडून केलेला) सीटी स्कॅन केवळ त्या कार्डापायी रखडला. आईच्या स्तनाच्या कर्करोगावरील उपचार मुंबईत झाले, पोर्टही तिथेच बसवले गेले, पण कार्ड तिच्या हाती कुणी दिलेच नाही. तवसाळहून फेरीबोटीने जयगडला उतरून रत्नागिरी गाठणे, नावनोंदणी, संमतीपत्र हे सारे विनासायास झाले.

अडले ते सुईपाशी. केमोमुळे आईच्या हाताच्या शिरा पार खराब झाल्या आहेत आणि या तपासणीत काँट्रास्टचे औषध यंत्राने सेकंदाला तीन-चार मिलिलिटर इतक्या वेगाने सोडावे लागते. पोर्टमधून सोडावे अशी मी विनंती केली, तेव्हा हे पोर्ट तेवढा दाब सोसणारे असल्याचा पुरावा तंत्रज्ञांनी मागितला. मागणी रास्तच होती, कारण साध्या पोर्टमध्ये अशा दाबाने औषध सोडल्यास नळी फाटू शकते किंवा पोर्टपासून सुटू शकते. परंतु कार्ड नसेल तर खात्री कशी करावी, हे तिथे कुणीच सांगेना. मुंबईला फोन लावला, तर नोंदणी विभागाने शस्त्रक्रिया विभागाकडे आणि त्यांनी परत नोंदणी विभागाकडे पाठवले, आणि शेवटी अर्ज घेऊन प्रत्यक्ष या, असे उत्तर मिळाले. सकाळपासून उपाशी असलेल्या आजारी बाईला बाकावर ताटकळत ठेवून हे चालले होते, याचा संताप अजून माझ्या मनातून गेलेला नाही.

दुपारी रेडिऑलॉजिस्ट आले. त्यांनी आमच्या फाइलमधील छातीची जुनी एक्स-रे फिल्म उजेडासमोर धरली आणि पोर्टच्या चकतीत उमटलेली ‘सी’ व ‘टी’ ही दोन इंग्रजी अक्षरे मला दाखवली. दाब सोसणाऱ्या पोर्टमध्ये ही अक्षरे एक्स-रेत दिसावीत अशीच घातलेली असतात. ती उलटी दिसली, तर पोर्ट त्वचेखाली पालथे झाल्याची शंका घेतात. नळीच्या प्लास्टिकमध्येही बेरियम सल्फेट मिसळलेले असते, म्हणूनच तिचे टोक हृदयाजवळ नेमके कुठे आहे ते कळते, एरवी ती फिल्मवर जेमतेमच दिसली असती. स्कॅनपूर्वी यंत्र जे साधे चित्र घेते, त्यातही अक्षरे स्पष्ट दिसली, आणि सुईतून रक्त परत येते याची खात्री करून डॉक्टरांनी परवानगी दिली. ज्यासाठी आम्हाला मुंबईला धाडले जात होते, ते उत्तर पोर्ट बनवणाऱ्यांनी आईच्या छातीतच लिहून ठेवले होते, म्हणून मला त्या अनोळखी माणसांविषयी मनापासून कृतज्ञता वाटते. अक्षरे दिसलीच नाहीत, तर मात्र कार्डाशिवाय धोका पत्करू नये.

पोर्टमध्ये टोचायला ह्यूबर नावाची खास सुई लागते आणि तीही दाब सोसणारीच हवी; लहान गावातील केंद्रात ती असेलच असे नाही, म्हणून आदल्या दिवशी फोन करून विचारावे. क्रिएटिनिनचा ताजा अहवालही सोबत ठेवावा, कारण मूत्रपिंडाची स्थिती पाहिल्याशिवाय काँट्रास्ट देत नाहीत.