त्रिरंगी बीच: जागेची निवड महत्त्वाची

अमेरिकेच्या ईशान्य भागात राहायला आल्यापासून ज्या झाडांनी मला मोह घातला, त्यांत त्रिरंगी बीचचा क्रमांक पहिला लागतो. युरोपीय बीच, म्हणजे फॅगस सिल्व्हॅटिका, या महावृक्षाचा हा शोभेसाठी जोपासलेला प्रकार आहे. त्याच्या जांभळट पानांना गुलाबी आणि मलईच्या रंगाची कड असते, आणि वसंतात पालवी उलगडते तेव्हा दुरून झाड फुलांनी डवरल्याचा भास होतो. त्याला दीर्घ, थंड हिवाळा लागतो. उष्ण प्रदेशात ते तग धरत नाही.

मात्र ज्या कडेमुळे हे झाड देखणे दिसते, तीच त्याची नाजूक बाजू आहे. तेथे हरितद्रव्य अत्यल्प असल्यामुळे ती पानाच्या अन्ननिर्मितीत फारशी भर घालत नाही, आणि दुपारचे कडक ऊन किंवा कोरडा वारा लागला की सर्वांत आधी तीच करपते. म्हणूनच मोकळ्या हिरवळीच्या मध्यभागी हे झाड लावणे, चित्रात कितीही शोभले तरी, मला मान्य नाही. सकाळचे ऊन आणि दुपारनंतर विरळ सावली मिळेल अशी जागा त्याला मानवते. गर्द सावलीत मात्र रंग फिके पडतात.

मुळे उथळ असल्याने माती भुसभुशीत आणि उत्तम निचऱ्याची हवी. बुंध्याभोवती पालापाचोळ्याचे आच्छादन घालावे, पण ते खोडाला टेकू देऊ नये. साल पातळ असते आणि तिला जखम सोसत नाही.

एखाद्या फांदीवर कडा नसलेली, निव्वळ जांभळी पाने दिसू लागली, तर ती फांदी तिच्या उगमापाशी कापावी. अशा पानांत हरितद्रव्य अधिक असल्याने ती फांदी जोमाने वाढते आणि त्रिरंगी फांद्यांना हळूहळू झाकून टाकते. त्रिरंगी फांद्यांची वाढ मुळातच संथ असते, आणि झाडाला सहा ते नऊ मीटर उंची गाठायला काही दशके लागतात.

अलीकडे एक चिंता वाढली आहे. 2012 मध्ये ओहायो राज्यात प्रथम आढळलेला बीचच्या पानांचा रोग आता ईशान्येकडे पसरला असून युरोपीय बीचलाही तो होतो. कळ्यांत शिरणाऱ्या सूक्ष्म सूत्रकृमींमुळे पानांच्या शिरांमध्ये गडद पट्टे उमटतात. त्यामुळे रोप विकत घेण्यापूर्वी त्याची पाने उजेडासमोर धरून अवश्य तपासावीत.