गच्चीवरची काजळी किती लांब जाते

मागच्या मार्चमध्ये आईने गच्चीवर कुरडया घातल्या, दुपारी बघते तर सगळ्यांवर काळे काळे कण. साखर कारखान्याची काजळी, आमच्या भागात कुणाला सांगायला नको. "एवढा गव्हाचा चीक वाया गेला की गं" म्हणत तिने निम्म्या टाकून दिल्या आणि मला इतका राग आला की ही काजळी पुढं जाते तरी कुठं हे वाचायलाच बसले.

तर गच्चीवर पडते ती जाड असते, ती जवळपासच खाली बसते. लांब जाते ती एका मायक्रॉनपेक्षा (मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षा) बारीक, डोळ्याला न दिसणारी, पावसाने धुतली नाही तर आठवडाभर सुद्धा हवेत राहते. ढगातला थेंब मुळात अशा एखाद्या कणावरच धरतो, म्हणून पाऊस पडला की त्याच्याबरोबर ती खाली येते. पण जी वाचते ती पार उत्तर ध्रुवापर्यंत पोचू शकते!

तिकडं १९५० च्या दशकातच वैमानिकांना आकाशात धुरकट थर दिसले होते, नंतर कळलं की तो धूर बराचसा युरोप-रशियाकडचा. आपला का नाही? हिवाळ्यात ध्रुवावर थंड जड हवेचा घुमट बसलेला असतो, थंड प्रदेशातला धूर त्यात खालूनच शिरतो, पण आपली हवा गरम, ती उत्तरेला सरकताना त्या घुमटात घुसत नाही तर त्याच्यावरून चढत जाते. म्हणून दक्षिण आशियाचा धूर तिथं जमिनीलगत कमी आणि काही किलोमीटर वर जास्त सापडतो. हे वाचून मी थांबलेच, कारण मला वाटायचं आपला धूर आपल्यापुरता.

आणि पावसाळा आला की हवा धुऊन निघते असं आपण म्हणतो ना, ते खालच्या हवेपुरतं. मान्सूनचे उंच ढग खालची हवा ओढून १४-१५ किलोमीटरवर नेऊन सोडतात, तिथं आशियाभर पसरलेला कणांचा एक थर आहे, तो उपग्रहाच्या माहितीतून २०११ मध्ये समोर आला. २०१७ ला काठमांडूवरून विमान तेवढं उंच नेऊन मोजलं तर त्यात अमोनियम नायट्रेट निघालं, म्हणजे त्यातला अमोनिया युरियाचा, शेणा-मुताचा, थोडक्यात शेतातला. पावसाळ्यात तेवढ्या उंचीवर आशियावर हवेचा एक मोठा भोवरा फिरत असतो, हा थर त्यातच अडकलेला असतो. पावसाळा सरताना तो भोवरा मोडतो आणि त्यातली हवा उत्तरेकडं स्ट्रॅटोस्फिअरच्या (ढग-पावसाच्या थराच्या वरच्या हवेच्या थराच्या) खालच्या भागात पसरते.

हे मी दादांना जेवताना सांगितलं. ते दरवर्षी ऊस तुटला की पाचट (शेतात उरलेली वाळकी पानं) पेटवायचे, मी आधी पण बोलले होते पण माझं बोलणं धुरानं खोकला येतो इथवरच असायचं. यंदा त्यांनी कुट्टी मशीन भाड्यानं आणलं, पैसे गेले म्हणून चार दिवस कुरकुरले, पण पाचट बारीक करून खोडव्यात (तुटलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटणाऱ्या पिकात) सरीतच सोडलंय. आई मात्र कुरडयांवर दादांचं जुनं धोतर अंथरूनच वाळवते, कारण कारखान्याची चिमणी आहे तशीच आहे.